एल्विनचं माप आणि मार्लिसची रायफल

आमच्या गावात माणूस माणसाला काहीही देतो. पिकअप देतो, बर्फ काढायचं यंत्र देतो, ऐन कापणीत कंबाइनसुद्धा देतो. बर्डेट होकन्सनने एकदा भावाला लग्नाला जायला आपला काळा कोट दिला आणि दुसरा कोट नव्हता म्हणून स्वतः लग्नाला गेला नाही. पण घरी भरलेलं काडतूस कोणी कोणाला देत नाही, आणि कोणी मागतही नाही.

काम तसं सोपं आहे. उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मोजून बंदुकीची दारू, म्हणजे पावडर, घालायची आणि वर गोळी दाबायची. दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडतं, हिवाळ्यात वेळही जातो. फक्त चूक झाली तर ती भरणाऱ्याच्या टेबलावर दिसत नाही, उडवणाऱ्याच्या नाकासमोर दिसते. म्हणून जो भरेल त्यानेच उडवावं. यात कोणाचा अपमान नाही. आमच्या पाद्रीबाबांनी एकदा बर्डेटला मूठभर काडतुसं देऊ केली होती. बर्डेटने मुलांचे बाप्तिस्मे त्यांच्याकडून करून घेतले होते, आईला माती त्यांच्या हातून दिली होती. काडतुसं मात्र त्याने घेतली नाहीत, आणि पाद्रीबाबांनाही वाईट वाटलं नाही.

या नियमाला एकच सूट आहे, ती नवरा-बायकोची. एका घरात काडतुसं भरायची प्रेस एकच असते.

माझी थोरली बहीण मार्लिस आणि तिचा नवरा एल्विन त्वेट यांचा संसार या सुटीवर उभा होता असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. नेम मार्लिसकडे आमच्या बापाकडून आला. माझ्याकडे बापाचं फक्त टक्कल आलं. एल्विनला नेम नाही आणि त्याला त्याचं दुःखही नाही. तो जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी होता, आणि धंदा संपल्यावरही मोजणं हा त्याचा स्वभाव म्हणून उरला. कॉफीत साखर घालताना तो चमच्यावरचा ढीग सुरीने सपाट करतो. काडतुसांची पावडर तो छोट्या चमच्याने तराजूत घालायचा, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, मग पुंगळीत ओतायचा. एकेक काडतूस असं. लोक शनिवारी नाचायला जातात. हे दोघं चांदमारीच्या मैदानावर लोखंडी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे पाडायला जायचे. तो भरायचा, ती उडवायची, आणि परत येताना पुंगळ्या त्याच्या टोपीत असायच्या.

मग एल्विनचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. डॉक्टरांना काडतुसांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. चमच्यातली पावडर निम्मी तराजूत आणि निम्मी टेबलावर पडायला लागली. एल्विनने ते कोणाला सांगितलं नाही. मार्लिसला दिसत होतं, तीही बोलली नाही. आमच्याकडे नवरा-बायको हवामानाबद्दल बोलतात.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सामन्याला मी नेहमीप्रमाणे रांगेमागे उभा होतो. सामना थांबवायची शिटी माझ्याकडे असते. टायरचं दुकान चालवणाऱ्याला लोक एरवी विचारत नाहीत, म्हणून हे काम मी सोडत नाही. मार्लिस डुकरांवर मारत होती. एकदा बार व्हायच्या ऐवजी नुसतं फट् झालं. डुक्कर जागचं हललं नाही. तिने सवयीने रायफलची दांडी ओढली, पुढचं काडतूस आत गेलं, आणि मी ओरडलो, "थांब. बोट काढ."

तिने बोट काढलं. रायफल रिकामी केली, मी नळीच्या तोंडातून गज घातला. तो निम्म्यावर जाऊन अडला. गोळी तिथेच बसली होती. त्या काडतुसात पावडरच नव्हती; टोपीच्या जोरावर गोळी तेवढीच सरकली होती. पुढची सुटली असती तर मागून येऊन या अडकलेल्या गोळीवर आदळली असती आणि नळी फाटली असती. नळी माझ्या बहिणीच्या डाव्या हातात होती.

एल्विन मागे घडीच्या खुर्चीवर बसला होता. तो उठला, गज कुठे अडलाय ते पाहिलं, आणि परत जाऊन बसला. कसं झालं ते नंतर कळलं. पावडर सांडली, झाडू आणायला उठला, परत आला आणि त्या रिकाम्या पुंगळीवर गोळी बसवून मोकळा झाला.

संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. मार्लिसने बटाट्याचं भांडं ओव्हनमधून काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "एल्विन, बाकीचा संसार आहे तसा चालू दे. पण काडतुसांत आजपासून आपली चूल वेगळी."

"बरं," एल्विन म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही."

"बटाटे घे."

भांडण म्हणून जे काही झालं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि कंपनीच्या काडतुसांचा पिवळा खोका आणून तिने फ्रिजवर ठेवला. दुधासाठी फ्रिज उघडायला गेलं की तो दिसायचा.

त्यानंतर एल्विनला एकच गोष्ट हवी होती, मार्लिसने पुन्हा त्याची काडतुसं उडवावीत. हे त्याने तोंडाने कधी म्हटलं नाही. मला कळलं ते त्याने माझ्याकडे आमच्या बापाचं माप मागितलं तेव्हा. हे माप म्हणजे बिडाचं एक धूड असतं. वर पावडर भरायची, आत खाच असलेला गोल दांडा, बाजूला मूठ. मूठ वर-खाली केली की दर वेळी तेवढीच पावडर खाली पडते. माझ्या दुकानात ते दार उघडं राहावं म्हणून अडकवलेलं होतं.

"तुला कशाला हवंय?" मी विचारलं.

"प्रेसवर बसवायचंय."

"ते तुझ्या प्रेसवर बसणार नाही."

"माहितीय," असं म्हणून तो घेऊन गेला.

एल्विनच्या प्रेसला वर फिरतं डोकं आहे. त्या डोक्यात चार अवजारं असतात. लांब दांडी खाली ओढली की पुंगळी वर जाते, तिच्यावर एक काम होतं, आणि दांडी सोडली की डोकं एक घर पुढे फिरतं. दांडी ओढायला खांदा लागतो, आणि खांदा थरथरत नव्हता. घोटाळा सगळा चमच्यात होता. तेव्हा एल्विनचं म्हणणं असं, की बापाचं माप त्या डोक्यावर बसवायचं, आणि वर येणाऱ्या पुंगळीनेच त्याची मूठ फिरवायची. पुंगळी आली तर पावडर पडेल, नाही आली तर पडणार नाही. पावडरला माणसाचा हात लागायला नको. ऐकायला सोपं वाटतं. मीही ऐकून घेतलं आणि टायर बदलायला गेलो.

अडचण अशी होती, की प्रेसचं डोकं प्लास्टिकच्या हलक्या मापासाठी केलेलं असतं. बापाचं माप चढवलं आणि नाकापेक्षा मोती जड झाला. डोकं फिरताना एका अंगाला कलायचं आणि मधेच अडकायचं. एल्विनने छताच्या तुळईपासून कानासारखा वाकवलेला लोखंडी आकडा लोंबता ठेवून मापाचं वजन त्याच्यावर घेतलं. मग मूठ ओढायला सायकलच्या ब्रेकची तार, आणि ती परत जागेवर आणायला जाळीच्या दाराची स्प्रिंग. स्प्रिंग ढिली पडली तर मूठ पुरती परत यायची नाही आणि पुढच्या पुंगळीत निम्मीच पावडर पडायची. स्प्रिंग घट्ट केली तर सगळं टेबल हलायचं. एक जुळवलं की दुसरं निसटायचं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बर्डेट रोज दुपारी एल्विनच्या तळघरात येऊन रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा.

"अरे, वजन कमी कर की त्याचं."

"बिडाचं आहे, बर्डेट. त्याला उपास घालू?"

"आणि हे कशाला करत बसलायस? तयार मिळतं, प्लास्टिकचं. आज मागवलंस तर शुक्रवारी दारात."

"कोणी केलेलं असतं ते?"

"मला काय माहीत? कंपनी करते."

"मग चुकलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

यावर बर्डेटने कॉफी मागितली.

जानेवारीत नवंच सुरू झालं. आमच्याकडे त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की दाराच्या मुठीला हात लावला तरी विजेचा बारीक चटका बसतो. पावडर मापाखालच्या नळीच्या आतल्या अंगाला चिकटून बसायची आणि पुढच्या पुंगळीत जास्तीची पडायची. एक उपाशी, दुसरी पोट फुटेस्तोवर जेवलेली. कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायचे सुवासिक कागद असतात, ते नळीवरून फिरवले की पावडर चिकटत नाही हे एल्विनला कुठून कळलं ठाऊक नाही. मार्लिसला इतकंच कळलं की तिचे कागद संपतायत.

"एल्विन, माझे वाळवणाचे कागद कुठे जातात?"

"कामात आहेत."

त्या रविवारी चर्चमध्ये तिचा स्कर्ट मोज्यांना चिकटला होता आणि प्रत्येक स्तोत्राला उभं राहताना तो चरचरत होता. पुढच्या वेळी तिने कागदांचे दोन खोके आणले आणि त्यातला एक न बोलता तळघराच्या पायरीवर ठेवला. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी टायरवाला आहे.

शेवटी त्याने प्रेसवर दिवा लावला आणि दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा तिरपा बसवला. गोळी बसवण्याआधी खुर्चीतून न उठता पुंगळीच्या तळातली पावडर दिसायला लागली. बर्फ वितळायच्या आधी काम पुरं झालं. एल्विन दांडी ओढायचा, पडलेली पावडर तराजूत टाकायचा, काटा बघायचा, पावडर परत वर ओतायचा. काटा एकाच ठिकाणी येऊन थांबायचा. बघायला चांदमारीचा सगळा क्लब आला. बर्डेटने स्वतः दांडी ओढून पाहिली आणि म्हणाला की मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. मग प्रत्येकाला तसाच लोखंडी कान, तशीच तार हवी झाली. एल्विनने सगळ्यांना करून दिलं. काडतूस कोणी मागितलं नाही आणि त्याने कोणाला दिलं नाही.

मार्लिसही खाली आली. तिने दांडी ओढली, आरशात वाकून पाहिलं, डोकं फिरलेलं पाहिलं.

"छान झालंय," ती म्हणाली आणि वर निघून गेली. पिवळा खोका फ्रिजवर तसाच राहिला.

मार्चमध्ये त्यांच्या घरामागच्या खडीच्या खड्ड्यातून रोज दुपारी बार ऐकू यायला लागले. मी एकदा गेलो. एल्विन अर्ध्या वितळलेल्या बर्फात उभा राहून मातीच्या ढिगाऱ्यावर गोळ्या मारत होता. रायफल त्याच्या हातात अशी डुलत होती की ढिगारा मोठा होता हेच बरं.

"काय मारतोयस?"

"काही नाही."

"मग?"

"सगळी उडतात का बघतोय."

"उडतात?"

"आत्तापर्यंत तरी."

"मग दे की मार्लिसला."

एल्विनने माझ्याकडे पाहिलं. "ही उडाली, ड्वेन. पुढची उडतील कशावरून?"

म्हणजे त्याचा कारभार असा चालला होता. काडतुसं भरायची, खात्री करायला उडवायची. खात्री झालेली सगळी संपलेली असायची, म्हणून पुन्हा भरायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हा तर ताक ओतून देऊन भांडं तपासत होता. मी त्याला म्हटलं, असल्या हिशेबाने उद्या तू अंडी फोडून बघशील आणि मग कोंबडीखाली ठेवशील. तो म्हणाला, त्याच्याकडे कोंबड्या नाहीत. मला त्याचा राग आला. घरी परत येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो.

मे महिन्यात पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी मार्लिस माझ्या दुकानात आली. टायर बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "उद्या मी त्याचीच काडतुसं उडवणार आहे."

"मला कशाला सांगतेस? त्याला सांग."

"सांगितलं. 'बरं' म्हणाला."

"मग झालं की."

"तुला त्याचं 'बरं' माहीत नाही." ती टायरच्या रांगेवर टेकली. "मार्चपासून रोज ऐकतेय मी, ड्वेन. ओट्यापाशी उभी राहून. भांडी घासायची थांबते आणि ऐकते. एकसुद्धा फुसकं निघालं नाही."

"खिडकी उघडून त्याला तसं सांगायचं होतंस."

"त्याने विचारलं नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वारा होता पण ऊन चांगलं होतं. मार्लिसचं नाव पुकारलं. तिने रांगेत येऊन डबा उघडला आणि तशीच उभी राहिली. मी पुढे झालो. डब्यात काडतुसं नवी कोरी, चकचकीत, बुडाला कंपनीचा छाप. घरची काडतुसं काळवंडलेली असतात, दहादा भरलेली.

"ही मी ठेवली नव्हती," ती म्हणाली.

मी मागे पाहिलं. घडीची खुर्ची रिकामी होती. एल्विन लांब आपल्या पिकअपमध्ये काचा वर करून बसला होता. मार्लिसने रायफल उघडी करून लाकडी घोडीवर ठेवली आणि पिकअपकडे चालू लागली. सामना थांबवायचा अधिकार माझा, म्हणून मीही मागून गेलो. खरं तर मला ऐकायचं होतं.

तिने काचेवर बोटाने टकटक केलं. काच खाली आली.

"माझी काडतुसं कुठेत?"

"डब्यात आहेत."

"ती दुकानातली आहेत."

"चांगली असतात ती."

"एल्विन, माप चुकतं का?"

"नाही."

"आरशात दिसत नाही?"

"दिसतं."

"मग?"

एल्विनने दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले होते. उजवा चाकावरसुद्धा हलत होता.

"त्या दिवशी तो आवाज झाला ना," तो म्हणाला, "तेव्हाच मला कळलं होतं. ड्वेनच्या आधी. माझंच काडतूस, मला नाही कळणार? तू रायफलची दांडी ओढताना दिसत होतीस. मी ओरडायला गेलो आणि तोंडातून आवाजच निघाला नाही. खुर्चीतून उठताही आलं नाही. माप बरोबर आहे, मार्लिस. पण काही झालं तर मी पुन्हा नुसता बसून राहीन."

मला वाटत होतं त्याला हाताची लाज वाटते. सगळा क्लब तसंच समजत होता. हा माणूस ऑगस्टपासून घाबरलेला होता, एकटाच, आणि सगळा हिवाळा आम्ही त्याच्या तळघरात बसून तारा आणि स्प्रिंगांवर बोलत होतो. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

मार्लिसने खिडकीतून हात आत घातला आणि तळवा उघडा धरला.

"ओरडायला ड्वेन आहे. लहानपणापासून दुसरं काय करतोय तो? तुझं काम भरायचं. दे."

एल्विनने कोटाच्या आतल्या खिशातून काळवंडलेल्या काडतुसांचा खोका काढला. रात्री डब्यातून काढलेला तोच. घरी ठेवून आला नव्हता.

"आणलीस तर," ती म्हणाली.

तिने खोका घेतला, आणि त्याने काच परत वर केली.

मी तिच्यामागे नियमापेक्षा दोन पावलं जवळ उभा राहिलो. शिटी दातांत इतकी घट्ट होती की जबडा दुखायला लागला. तिने कोंबड्या पाडल्या, मग डुकरं, मग टर्की. दर बाराला मी आधी आवाज ऐकत होतो आणि मग निशाण बघत होतो. पण बार एकसारखे होत होते, अगदी एकसारखे. शेवटी मेंढे आले. दोन मेंढे वाऱ्याने वाचले. तिचा तिसरा नंबर आला. पहिला बर्डेटचा आला, त्यामुळे जेवणाच्या वेळी त्याचं ऐकून घ्यावं लागलं.

पिकअपचं इंजिन चालू होतं आणि आत रेडिओ इतका मोठ्याने लावलेला होता की बंद काचांतूनही गव्हाचे भाव ऐकू येत होते. एल्विनला एकही बार ऐकायचा नव्हता, आणि त्याने ऐकला नव्हता. तो समोर बघत बसला होता. मार्लिस गवतात गुडघ्यांवर बसून आपल्या सगळ्या पुंगळ्या वेचत होती. त्या तिने आपल्या टोपीत घेतल्या, पिकअपचं दार उघडलं आणि टोपी त्याच्या मांडीवर उपडी केली.

"मेंढे दोन राहिले," ती म्हणाली. "ह्या भर. पुढच्या शनिवारी लागतील."

एल्विनने रेडिओ बंद केला. पुंगळ्या उन्हाने कोमट झाल्या होत्या. त्याने एकेक उचलून डावीकडून उजवीकडे ठेवत सगळ्या मोजल्या. बरोबर होत्या. तरी त्याने परत मोजायला घेतल्या, आणि मार्लिस दुसऱ्या बाजूने चढून त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं मोजून होईपर्यंत थांबली.